सेंट ऑगस्टीनच्या गोष्टीतून आफ्रिकी माणसं कुठे गायब झाली?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनवर प्रवासलेख आला होता, तो इथल्या आमच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी टाकला आणि मग त्यावर बराच धुरळा उडाला. लेख वाईट नाही हो, फोटो मस्त, किल्ल्याचं वर्णन मस्त, कुठे काय खायचं तेही दिलंय. पण त्याच पानावर 'हे माहीत आहे का?' टाइप एक चौकट आहे, त्यात लिहिलंय की अमेरिकेच्या भूमीवर पहिले आफ्रिकी १६१९ साली व्हर्जिनियात उतरले. आणि शेजारच्याच कॉलममध्ये ठळक अक्षरात, सेंट ऑगस्टीनची स्थापना १५६५. आता स्पेनच्या पेद्रो मेनेंदेझ दे आविलेसने हे गाव वसवलं तेव्हा त्याच्याबरोबर आफ्रिकी माणसं होती, गुलाम होते तसे मुक्तही होते, मग १६१९ वाले पहिले कसे? इंग्रजांच्या वसाहतीतले म्हणा, मग ठीक आहे. एकाच पानावर दोन्ही तारखा छापल्या आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही याचं जरा नवल वाटलं.

मी जॅक्सनव्हिलला राहतो, सेंट ऑगस्टीन इथून गाडीने तासाभराच्या आत. भारतातून कुणाचेही आईबाबा आले की डिस्ने झाल्यावर त्यांना तिथे नेणं हा इथल्या मराठी लोकांचा ठरलेला कार्यक्रम. सगळे किल्ला बघतात, त्या चिरतारुण्याच्या झऱ्याचं पाणी पितात (चव गंधकाची, तारुण्य काही येत नाही), आइसक्रीम खातात आणि परत. उत्तरेला फक्त दोन मैलांवर मोसे ही मुक्त आफ्रिकी लोकांच्या जुन्या वस्तीची जी जागा आहे तिथे कोणी जात नाही, तुमचे लेखकही गेले नाहीत. तेवढ्यासाठीच हे पत्र, आणि ते लांबणार आहे, छापायचं तर कापा पण मधलं मोसेबद्दलचं तेवढं ठेवा ही विनंती.

आधी तारखांचं. १५१३ मध्ये पोन्से दे लेऑन हा स्पॅनिश दर्यावर्दी फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागला, त्याच्याबरोबर हुआन गारिदो नावाचा आफ्रिकी माणूस होता, आणि तो गुलाम म्हणून नव्हे तर मुक्त माणूस म्हणून आला होता. पश्चिम आफ्रिकेत जन्मला, लिस्बनला ख्रिस्ती झाला, मग स्पेन, मग सांतो दोमिंगो, पुढे मेक्सिको जिंकणाऱ्या कोर्तेसबरोबर तिकडे. १५३८ मध्ये त्याने राजाकडे अर्ज केला की मी तीस वर्षं चाकरी केली, पदरात काही पडलं नाही, आणि इथे पहिल्यांदा गहू पेरून बघणारा मीच. म्हणजे अगदी आपल्याकडच्या निवृत्त माणसाने पेन्शनच्या कचेरीत करावा तसला अर्ज. आणि लगेच त्याला हिरो करू नका बरं का, कारण हाच माणूस सोन्याच्या शोधात निघाला तेव्हा स्वतः गुलाम बाळगून होता. मग १५२६ मध्ये लुकास वाझकेझ दे आयोन हा स्पॅनिश माणूस साधारण सहाशे माणसं घेऊन आत्ताच्या जॉर्जिया-साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर उतरला, तिथे वसाहत काही महिनेच टिकली, रोगराई, उपासमार, तो स्वतः मेला, आणि बरोबर आणलेल्या आफ्रिकी गुलामांनी बंड करून घरं पेटवली. आजच्या अमेरिकेच्या जमिनीवरचं गुलामांचं पहिलं माहीत असलेलं बंड ते, तुमच्या चौकटीतल्या १६१९ च्या ९३ वर्षं आधी. इंग्रज तोवर चित्रातच नव्हते.

सेंट ऑगस्टीनमध्ये स्थापनेच्या वर्षीच एक लग्न लागलं. नवरी लुइसा दे आब्रेगो, सेव्हिलची मुक्त आफ्रिकी बाई, घरकाम करायची. नवरा मिगेल रोद्रिगेझ, सेगोव्हियाचा गोरा शिपाई. आत्ताच्या अमेरिकेतलं नोंद असलेलं पहिलं ख्रिस्ती लग्न हे असं मिश्र होतं, आणि ते आपल्याला कसं कळलं तेही ऐकण्यासारखं आहे. दहा वर्षांनी दोघं मेक्सिकोत असताना बाईंच्या मनात धाकधूक सुरू झाली, कारण पूर्वी स्पेनमध्ये एका दुसऱ्या माणसाला तिने लग्नाचा शब्द दिला होता, तोही आफ्रिकीच, मग तेच खरं लग्न धरलं गेलं तर हे दुसरं पाप ठरेल म्हणून तिने आपण होऊन सांगून टाकलं आणि प्रकरण १५७५ मध्ये इन्क्विझिशनपुढे, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयापुढे गेलं. गोव्यातल्या लोकांना इन्क्विझिशन काय चीज होती ते वेगळं सांगायला नको. तर त्या दप्तरामुळे एका मोलकरणीचं नाव, तिचं गाव, तिची भीती सगळं साडेचारशे वर्षांनी आपल्या हातात आहे.

हे दप्तर प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं. इंग्रजांच्या वसाहतीत गुलाम म्हणजे मालाची यादी, इतके पुरुष, इतक्या बायका, किंमत इतकी, नाव असलं तर असलं. स्पॅनिश गावात मात्र चर्चच्या हिशेबात गुलामालाही आत्मा होता, त्यामुळे त्याचा बाप्तिस्मा, लग्न, मर्तिक सगळं पाद्र्याच्या वहीत चढायचं. सेंट ऑगस्टीनच्या वह्या १५९४ पासूनच्या आहेत. त्यात १६०६ सालची आगुस्तीन नावाच्या बाळाची नोंद आहे, आई फ्रान्सिस्का, बापाचं नावही आगुस्तीनच, दोघं गुलाम. हेही १६१९ च्या तेरा वर्षं आधी. शिवाय बाप्तिस्म्याला धर्ममायबाप लागायचे, आणि गुलामाच्या मुलाला एखादा मुक्त कारागीर किंवा शिपाई धर्मपिता मिळाला की गावात एक नातं तयार व्हायचं, पुढेमागे कोर्टकचेरीत किंवा पैशाच्या अडचणीत उपयोगी पडणारं.

कायदाही जुना होता. तेराव्या शतकात स्पेनमधल्या राजा दहाव्या आल्फोन्सोने करवलेली कायद्याची संहिता, तिच्यात गुलामी ही निसर्गाच्या विरुद्धची अवस्था आहे असं धरलेलं, त्यामुळे गुलामाला लग्न करता यायचं, मालक फार छळत असेल तर तक्रार करता यायची, आणि पैसे जमवून स्वतःला विकत घेता यायचं. क्युबात तर पुढे याचे हप्ते असायचे, किंमत एकदा ठरली की मालकाला ती वाढवता येत नसे आणि गुलाम फेडत राहायचा. गावात राहणारा, हातात सुतारकी-लोहारकी असलेला माणूस किंवा बाजारात काहीबाही विकणारी बाई यातून सुटायची. उसाच्या मळ्यातल्या माणसाला यातलं फारसं काही मिळत नव्हतं, त्याच्यापर्यंत ना पाद्री पोचायचा ना न्यायाधीश. म्हणूनच हवाना, मेक्सिको, लिमा, कार्ताहेना अशा शहरांत मुक्त आफ्रिकी आणि मिश्र वंशाच्या लोकांची मोठी वस्ती झाली, त्यांच्या वेगळ्या पलटणी होत्या, त्यांचे स्वतःचे अंमलदार होते. सेंट ऑगस्टीनमध्येही १६८३ मध्ये अशी पलटण उभी राहिली.

आता मोसेकडे येतो.

१६७० मध्ये इंग्रजांनी उत्तरेला कॅरोलायनात चार्ल्सटन वसवलं. बार्बाडोसमधले मळेवाले आपले गुलाम घेऊन तिथे आले, पुढे भातशेती वाढली आणि लवकरच गोऱ्यांपेक्षा आफ्रिकी जास्त झाले. मग १६८७ मध्ये एक होडी सेंट ऑगस्टीनला लागली, त्यात आठ पुरुष, दोन बायका आणि अंगावर पिणारं एक मूल, कॅरोलायनातून पळालेले. आम्हाला तुमच्या धर्मात घ्या म्हणाले. गव्हर्नरने पुरुषांपैकी काहींना किल्ल्याच्या कामाला लावलं, दोघांना लोहाराकडे, बायकांना आपल्याच घरी, आणि सगळ्यांना मजुरी दिली. तुमच्या लेखात ज्या किल्ल्याचे चार फोटो आहेत ना, कास्तियो दे सान मार्कोस, त्याचं बांधकाम १६७२ ते १६९५ चाललं, म्हणजे हे लोक आले तेव्हा काम ऐन भरात होतं. शिंपल्यांचा तो भुसभुशीत दगड, त्यात तोफेचा गोळा फुटत नाही, रुतून बसतो, हे लेखकाने छान लिहिलंय, पण तो दगड समोरच्या आनास्तासिया बेटावरून काढायचा, होडीतून आणायचा, घडवायचा, वर चढवायचा हे कुणी केलं? आफ्रिकी गुलामांनी, स्थानिक इंडियन (म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवासी) मजुरांनी, कैद्यांनी, आणि पळून आलेल्या या माणसांनी. 'स्पॅनिशांनी बांधला' एवढं एक वाक्य टाकून मोकळे!

पुढच्या वर्षी चार्ल्सटनहून माणूस आला, आमचा माल परत द्या. गव्हर्नर म्हणाला ते आता ख्रिस्ती झालेत, कामाला लागलेत, काहींनी लग्नंही केलीत, परत मिळणार नाहीत, हवी तर किंमत देतो. मग आणखी लोक येत गेले आणि शेवटी ७ नोव्हेंबर १६९३ रोजी राजा दुसरा चार्ल्स याने फर्मान काढलं, पळून येऊन कॅथलिक होणाऱ्या सगळ्यांना, बायकांनाही पुरुषांनाही, स्वातंत्र्य द्यावं. आणि त्यातच लिहून टाकलं की यांचं बघून आणखी येतील. राजाला कळवळा आला होता अशातला भाग नाही. सेंट ऑगस्टीन म्हणजे जेमतेम शिबंदी असलेलं गरीब लष्करी ठाणं, पगार मेक्सिकोच्या तिजोरीतून यायचा आणि तोही उशिरा, माणसं कमी, आणि इंग्रज दिवसेंदिवस जवळ सरकत होते. एक गुलाम पळून आला की इंग्रजांचा एक हात तुटला आणि आपल्याला एक बंदूकवाला मिळाला, इतका सरळ हिशोब. मलिक अंबरने शिकवून ठेवलेल्या आपल्या दख्खनला हे नवीन वाटू नये, ज्याला इथे सोयरेधायरे नाहीत, परत जायला घर नाही, त्याच्या हातात हत्यार दिलं तर तो जीव तोडून लढतो हे निजामशाहीला माहीत होतं तसं स्पेनच्या राजालाही.

फर्मान निघालं म्हणजे अंमल झाला असं मात्र नाही, आणि इथेच ती फ्रान्सिस्को मेनेंदेझची गोष्ट येते जी मला तुमच्या पुरवणीत वाचायची होती. मांडिंगा जमातीचा, पश्चिम आफ्रिकेतून कॅरोलायनात गुलाम म्हणून आलेला. १७१५ मध्ये यामासी इंडियन लोकांनी इंग्रजांविरुद्ध युद्ध पुकारलं त्यात हा त्यांच्या बाजूने लढला, मग काही वर्षांनी दक्षिणेला निसटून सेंट ऑगस्टीनला पोचला. फर्मानाप्रमाणे मुक्त व्हायला हवा होता. झालं काय, तर विकला गेला! राजाच्या हिशेबनीसाने त्याला विकत घेतलं, त्याचंच नाव याला लागलं. १७२९ मध्ये तर गव्हर्नर बेनाविदेसने पळून आलेल्या काही लोकांचा चक्क जाहीर लिलाव केला, कारण इंग्रज मालकांना भरपाई द्यायची होती आणि खजिन्यात पैसा नव्हता. विकत घेणारे कोण, तर गावातले प्रतिष्ठित, लष्करी अधिकारी, पाद्रीसुद्धा.

बरं हा मेनेंदेझ काही गप्प बसणारा नव्हता. १७२६ मध्ये, गुलाम असतानाच, त्याला आफ्रिकी पलटणीचा कॅप्टन केलेलं, १७२८ मध्ये इंग्रजांनी धाड घातली तेव्हा ही पलटण गाव राखायला लढली. आणि इकडे त्याचे अर्जावर अर्ज चालूच, गव्हर्नरकडे, बिशपकडे, की राजाने शब्द दिलाय आणि तुम्ही पाळत नाही. त्याच्या बाजूने यामासींचा एक प्रमुखही बोलला. १७३३ मध्ये माद्रिदहून पुन्हा हुकूम आले, इंग्रजांना भरपाई देणं बंद करा, पळून आलेल्यांना मोकळं करा पण चार वर्षं सरकारी चाकरी करून घ्या. तरी गावात काही हललं नाही. शेवटी मानुएल दे मोंतियानो हा नवा गव्हर्नर आला, अर्ज ऐकला, मालकांची ओरड बाजूला सारली आणि मार्च १७३८ मध्ये सगळ्यांना मोकळं केलं. दहाहून जास्त वर्षं झगडलेला माणूस, तोही परक्या भाषेत, परक्या कायद्यात, ज्यांनी आपल्याला विकत घेतलंय त्यांच्याच कचेरीत. मला विचाराल तर लढाईपेक्षा हे अर्ज जास्त मोठे.

मग या मुक्त झालेल्यांसाठी गावाच्या उत्तरेला दोन मैलांवर वस्ती वसवली, ग्रासिया रेआल दे सांता तेरेसा दे मोसे. सुरुवातीला साधारण शंभर माणसं, त्यात ३८ पुरुष बहुतेक बायकापोरांवाले. आजच्या अमेरिकेच्या हद्दीत कायद्याने मान्यता असलेली मुक्त आफ्रिकी लोकांची ही पहिली वस्ती धरतात. मातीचे बांध घातलेली चौकोनी गढी, कोपऱ्यांवर बुरूज, भोवती खंदक, आणि त्या खंदकाच्या काठाने काटेरी झुडपं लावलेली. आत विहीर, टेहळणीची जागा. पहिलं पीक हाती येईपर्यंत सरकारी कोठारातून मका-बिस्किटं मिळायची. वस्तीवर पाद्रीही नेमला. कॅप्टन अर्थातच मेनेंदेझ. लोकांनी लिहून दिलं होतं की आम्ही इंग्रजांचे हाडवैरी राहू आणि स्पेनच्या गादीसाठी रक्ताचा शेवटचा थेंब सांडू. आता जागा कुठली दिली ते नकाशावर बघा, इंग्रज ज्या वाटेने येणार बरोबर त्या वाटेवर. ढाल म्हणून. लोकांना ते कळत नव्हतं असं नाही, पण ज्याच्या मागे चार्ल्सटनचा मळा आहे तो ही बोली करणारच.

बातमी उत्तरेला पोचली. ९ सप्टेंबर १७३९ रोजी साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीजवळ वीसेक गुलामांनी दुकान फोडून बंदुका घेतल्या आणि दक्षिणेची वाट धरली, वाटेत लोक सामील होत गेले, वीसहून जास्त गोरे मारले गेले, पण मळेवाल्यांनी त्याच दिवशी गाठलं आणि बहुतेकांना मारलं. ते निघाले होते सेंट ऑगस्टीनला. त्यावर १७४० मध्ये कॅरोलायनाने कायदा इतका आवळला की गुलामाला लिहायला शिकवणं, स्वतःसाठी धान्य पिकवणं, जमणं सगळं बंद. आणि एक गंमत सांगतो, शेजारच्या जॉर्जियात १७३५ पासून गुलामीला कायद्याने बंदी होती! त्यामागची कारणं बरीच होती, पण एक मोठं कारण हेच की गुलाम आणले तर ते पळून स्पॅनिशांकडे जातील. १७५१ मध्ये ती बंदीही उठली.

१७४० मध्ये जॉर्जियाचा इंग्रज प्रमुख ओगलथॉर्प मोठी फौज घेऊन सेंट ऑगस्टीनवर चालून आला. मोसेचे लोक आधीच गावातल्या किल्ल्यात हलवले होते, रिकाम्या गढीत इंग्रज घुसले. जूनच्या अखेरीस पहाटे अंधार असतानाच स्पॅनिश शिपाई, मेनेंदेझची पलटण आणि इंडियन यांनी एकत्र छापा घातला, हातघाईची लढाई झाली, सत्तरच्या आसपास इंग्रज पडले, १७२८ ची धाड घालणारा कर्नल पामर त्यातच गेला. वेढा पुढे महिनाभरातच उठला. तुमच्या लेखात 'किल्ला कधीच जिंकला गेला नाही' असं कौतुकाने लिहिलंय, ते खरंच आहे, पण का जिंकला गेला नाही याच्या उत्तरात मोसे येतं की नाही?

मोंतियानोने राजाला पत्र लिहून मेनेंदेझची तारीफ केली. मेनेंदेझने स्वतःही लिहिलं, बक्षीस मागितलं, कारण लिहितावाचता येत होतं. उत्तर नाही. मग तो स्पॅनिश परवान्याच्या लुटारू जहाजावर चढला आणि १७४१ मध्ये इंग्रजांच्या हाती सापडला. मोसेचा कॅप्टन हाच हे कळल्यावर त्याला दोनशे फटके मारले, बहामात नेऊन परत गुलाम म्हणून विकलं. आणि १७५९ च्या शिरगणतीत बघावं तर हा गडी मोसेच्या यादीत पहिला, वस्तीचा प्रमुख! त्या यादीत ३७ पुरुष, १५ बायका, ७ मुलगे, ८ मुली, एकूण ६७.

मधली एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी, नाहीतर सगळं फार गोड वाटेल. लढाईत गढी उद्ध्वस्त झाल्यावर मोसेचे लोक बारा वर्षं गावातच राहिले, कामधंदा केला, लग्नं केली, शेजारपाजार झाला. १७५२ मध्ये गव्हर्नरने त्यांना पुन्हा बाहेर, नवी गढी बांधून त्याच वाटेवर जायला सांगितलं तेव्हा ते तयार नव्हते. मग पुढाऱ्यांना शिक्षा करून पाठवलं. मुक्त होते, पण कुठे राहायचं ते ठरवण्याइतके नव्हते. शिवाय या सगळ्या काळात सेंट ऑगस्टीनमध्ये गुलाम विकत घेतले जात होते, राबवले जात होते, एकाच चर्चमध्ये एका बाकावर इंग्रजांकडून पळून मुक्त झालेला माणूस आणि शेजारच्या बाकावर स्पॅनिश मालकाचा गुलाम. तो गुलाम काय विचार करत असेल?

१७६३ मध्ये स्पेनने फ्लोरिडा इंग्रजांना देऊन टाकलं. मोसेचे लोक सगळे उठून क्युबाला गेले, मातांझासकडच्या माळरानावर नव्याने सुरुवात. इंग्रजांच्या राज्यात राहून दाखवायची त्यांची टाप नव्हती म्हणण्यात अर्थ नाही, राहिले असते तर सरळ विकले गेले असते. १७८४ मध्ये स्पॅनिश परत आले, पळून येणारेही परत सुरू झाले, पण १७९० मध्ये नव्या अमेरिकन सरकारने दबाव आणला आणि आसरा देणं बंद झालं. तेव्हा परराष्ट्रमंत्री कोण, तर थॉमस जेफरसन, 'सगळी माणसं समान' लिहिणारे. १८२१ ला फ्लोरिडा अमेरिकेचं झालं आणि मुक्त आफ्रिकी लोकांवर असे कायदे आले की बरेच जण पुन्हा क्युबाला निघून गेले.

आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, म्हणजे स्पॅनिश लोक बरे होते तर. नाही हो. कॅरिबियनमध्ये १५२१ च्या डिसेंबरात सांतो दोमिंगोला कोलंबसच्या मुलाच्याच मळ्यावर गुलामांनी बंड केलं ते काय मजेत होते म्हणून? एकोणिसाव्या शतकात क्युबात साखर चढली तेव्हा तिथली गुलामी जगातल्या कुठल्याही मळ्याइतकी क्रूर झाली, आणि ती संपली १८८६ मध्ये, अमेरिकेच्याही वीस वर्षं नंतर. तोच कायदा, तेच पाद्री, तीच हप्त्याची सोय, पण साखरेला भाव आला की सगळं कागदावर. मेक्सिकोत वेराक्रूझजवळच्या डोंगरात यांगा नावाच्या पळालेल्या गुलामाने वर्षानुवर्षं वस्ती टिकवली, १६०९ मध्ये स्पॅनिशांनी फौज पाठवली, हटत नाही म्हटल्यावर तह केला आणि गाव मान्य केलं, पण अटींत एक अट अशी की यापुढे कुणी पळून आला तर त्याला परत करायचं. कोलंबियात सान बासिलियो दे पालेंके आजही आहे, स्वतःच्या भाषेसकट. कुणालाच दयेपोटी स्वातंत्र्य मिळालेलं दिसत नाही, जिथे सरकारची गरज आणि या लोकांची चिकाटी जुळली तिथे मिळालं, तेही लिहून घेतलं, अर्ज केले, लढले म्हणून.

आपला काय संबंध, असंही एकाने विचारलं. १५८० ते १६४० या साठ वर्षांत गोव्याचा आणि मेक्सिकोचा राजा एकच होता, स्पेनचा. वेराक्रूझ-कार्ताहेनाला आफ्रिकी माणसं पुरवायचा ठेका तेव्हा पोर्तुगीज व्यापाऱ्यांकडे, आणि त्याच पोर्तुगीजांच्या हातून मोझांबिकची माणसं गोव्यात विकली जात होती. आणि गंगा उलटीही वाहत होती, हिंदुस्थानातली माणसं कोचीन-मनिला करत गुलाम म्हणून मेक्सिकोच्या अकापुल्को बंदराला पोचत होती. तिथल्याच पुएब्ला शहरात १६८८ मध्ये वारलेली कातारिना दे सान हुआन, जिला लोक संत मानायला लागले, ती हिंदुस्थानातून लहानपणी पळवून नेलेली मुलगी. तेव्हा हा इतिहास अगदीच परका धरू नका.

राहता राहिलं सेंट ऑगस्टीन. १९६४ मध्ये शहर आपल्या चारशेव्या वाढदिवसाची तयारी करत होतं, आणि त्याच उन्हाळ्यात मार्टिन ल्युथर किंग यांना तिथल्या एका मोटेलच्या दारात अटक झाली, कारण गोऱ्यांच्या हॉटेलात जेवायला बसू द्या म्हणाले. आठवड्याभराने त्याच मोटेलच्या स्विमिंग पूलमध्ये काळी-गोरी मुलं एकत्र उतरली म्हणून पाण्यात अ‍ॅसिड ओतलं गेलं. ज्या गावाच्या पहिल्या वर्षाचं लग्न काळ्या बाईचं आणि गोऱ्या शिपायाचं, त्या गावात चारशे वर्षांनी हे. मोसे तेव्हा दलदलीत गडप होतं. १९८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ कॅथलीन डीगन यांच्या टीमने उत्खनन केलं आणि इतिहासकार जेन लँडर्स यांनी स्पॅनिश दप्तरं धुंडाळली तेव्हा कुठे खात्री पटली. १७३८ ची गढी आज भरतीच्या पाण्याखाली गेलेली आहे, १७५२ वाली दुसरी सापडली. जपमाळेचे मणी, बंदुकीच्या गोळ्या, शिवताना बोटात घालायच्या टोप्या, चिलमी, आणि एक हाताने घडवलेलं चांदीचं छोटं पदक, संत ख्रिस्तोफरचं. प्रवाशांचा, विशेषतः पाणी ओलांडणाऱ्यांचा संत. आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आणलेल्या, मग खाड्या ओलांडून पळालेल्या माणसाने ते गळ्यात घातलं असणार, आणि घडवलंही बहुधा वस्तीतल्याच कुणीतरी. १९९४ पासून ही जागा राष्ट्रीय स्मारक आहे, छोटं म्युझियम आहे, दलदलीवरून लाकडी वाट जाते.

तर विनंती एवढीच की ती १६१९ ची चौकट दुरुस्त करून छापा, आणि लेखाच्या शेवटी 'काय पहाल' या यादीत फोर्ट मोसे टाका. सेंट ऑगस्टीनच्या मुख्य रस्त्याने उत्तरेला निघालं की पाच-दहा मिनिटांत पाटी दिसते, पार्किंगला जागा भरपूर आहे, संध्याकाळी डास फार असतात त्यामुळे सकाळीच जावं.

आपला,
एक वाचक, जॅक्सनव्हिल (फ्लोरिडा)